चौथ्या गटातील स्त्रिया

घरात मृत्यू आला की माणसाच्या तोंडून दोन प्रश्न निघतात. एक, ‘आमच्याच घरी का?’ आणि दुसरा, ‘कशामुळे?’ पहिला प्रश्न धर्मगुरूकडे येतो, दुसरा डॉक्टरांकडे जातो. पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, हे ज्याने दुःखी घराच्या ओसरीवर बसून रात्र काढली आहे तो धर्मगुरू जाणतो. तेथे शब्दांपेक्षा सोबत अधिक कामी येते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर असू शकते. ते बरोबर मिळाले तर शेजारच्या घरातील मृत्यू टळू शकतो. चुकीचे मिळाले तर तोच मृत्यू पुन्हा घडतो. म्हणून ‘कशामुळे?’ हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नव्हे. तो नीतीचाही प्रश्न आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध मनुष्याची कथा आपल्याला परिचित आहे. त्याला पाहताच शिष्य प्रभूला विचारतात की, पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. ह्या उताऱ्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून निसटते. शिष्यांनी कारण शोधायला सुरुवात करण्यापूर्वीच संभाव्य कारणांची यादी दोनवर आणून ठेवली होती! आणि त्या दोन्ही कारणांत दोष कोणा ना कोणा माणसाच्या माथी होता.

ही घाई आपल्यात अजून आहे. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवसाअखेर हा आकडा ३१ वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ‘कशामुळे?’ हा प्रश्न त्या वेळी सबंध महाराष्ट्राने विचारला आणि उत्तरेही त्याच संध्याकाळी तयार होती. कोणी औषधांचा तुटवडा म्हणाले, कोणी रिकाम्या जागा म्हणाले, कोणी लांबच्या गावांहून अखेरच्या घटकेला आणलेले रुग्ण म्हणाले. तेथे दोष कोणाचा, हे ठरविण्याचा ह्या लेखाचा हेतू नाही. सांगायचे ते इतकेच की, ह्यांपैकी कोणतेही उत्तर खरे ठरवायचे तर तुलना हवी. एरव्हीच्या दिवशी तेथे किती मृत्यू होतात? दाखल होताना रुग्ण किती अत्यवस्थ होते? जेथे औषधे आणि डॉक्टर दोन्ही पुरेसे होते, तेथे अशाच रुग्णांचे काय झाले? तुलनेवाचून केलेला आरोप आणि तुलनेवाचून केलेला बचाव, दोन्ही सारखेच पोकळ असतात.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटलची चार कारणे शिकलो, आणि त्यानंतर डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याची अडचणही शिकलो. कारण कधी डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती एकीमागून एक घडलेली घटना, असे ह्यूमचे म्हणणे. आपल्या मराठीने हेच एका ओळखीच्या चित्रात बसविले आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. फांदी कावळ्याच्या भाराने मोडली की ती मोडणारच होती, हे नुसते पाहून कळत नाही. तो कावळा त्या क्षणी तेथे बसला नसता तर काय झाले असते, हे कळायला हवे. आणि जे घडलेच नाही ते पाहणार कसे? वैद्यकातील कारणमीमांसेची सारी अडचण ह्या एका वाक्यात आहे. औषध घेतलेला रुग्ण बरा झालेला आपण पाहतो. तोच रुग्ण, त्याच वेळी, औषधावाचून काय झाला असता, हे कोणालाही कधीच पाहता येत नाही.

ज्या आजाराविषयी मी पुढे लिहिणार आहे, त्याचा पहिला माग एका अर्थी आपल्या कॉन्व्हेंटांतूनच लागला. रिगोनी-स्टर्न नावाच्या इटालियन डॉक्टराने व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ ह्या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि १८४२ साली आपला निष्कर्ष मांडला. गर्भाशयाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांत विवाहित स्त्रिया पुष्कळ होत्या. धर्मभगिनी मात्र फारच थोड्या. फरक डोळ्यांत भरणारा होता. पण तो कशामुळे? कॉन्व्हेंटातील साध्या आहारामुळे? नियमित दिनचर्येमुळे? बाळंतपणे नसल्यामुळे? आकड्यांनी फरक दाखविला, कारण दाखविले नाही. ते सापडायला सुमारे एकशेचाळीस वर्षे जावी लागली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या काही जातींमुळे होतो आणि तो विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, हे हाराल्ड त्सुर हाउझेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाच्या संशोधनातून पुढे आले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा विषाणू इतका सर्वत्र आढळणारा आहे की, एकनिष्ठ संसार करणाऱ्या स्त्रीलाही तो होऊ शकतो. तेव्हा ह्या आजारावरून कोणाच्या शीलाचा निवाडा करणे म्हणजे जन्मांधाविषयी शिष्यांनी केलेलीच चूक पुन्हा करणे होय.

कारण सापडले तरी उपायाचा प्रश्न उरतोच. समजा, लातुरात कर्करोग-तपासणीचे एक मोफत शिबिर भरले आणि दहा वर्षांनी असे दिसले की, शिबिरात आलेल्या स्त्रियांत मृत्यू कमी आणि न आलेल्यांत अधिक. तपासणीमुळे जीव वाचले, असे म्हणता येईल काय? घाई करू नये. शिबिरात कोण आल्या असतील? ज्यांना मजुरी बुडविणे परवडले, ज्यांचे गाव रस्त्यावर होते, ज्यांच्या घरच्यांनी जाऊ दिले, ज्यांना वाचता येत होते. ह्या स्त्रिया तपासणी झाली नसती तरी कदाचित अधिक जगल्या असत्या. ही शंका वायफळ नाही. पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे कित्येक वर्षांच्या निरीक्षणांतून वाटत होते आणि लाखो स्त्रियांना त्या गोळ्या दिल्या जात होत्या. १६,६०८ स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या रीतसर प्रयोगाचा निकाल २००२ साली आला, तेव्हा दोन हार्मोनांच्या त्या गोळीने हृदयविकार कमी होत नसून उलट वाढतो, असे आढळले. गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच सधन, सुशिक्षित आणि प्रकृतीला जपणाऱ्या होत्या, हे त्या फसगतीचे एक मोठे कारण.

ह्यावर शास्त्राने शोधलेला उपाय आपल्या ग्रामपंचायतींना चांगला ठाऊक आहे: चिठ्ठ्या टाकणे. दोन उमेदवारांना सारखी मते पडली की आपण चिठ्ठी काढतो, कारण चिठ्ठीला नातेगोते नसते. तसेच येथे. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे नाही, रुग्णानेही नाही, चिठ्ठीने ठरवायचे. मग श्रीमंत आणि गरीब, सशक्त आणि अशक्त, रस्त्यावरचे आणि आडगावचे दोन्ही गटांत जवळपास सारखे वाटले जातात. आपल्या ध्यानातही न आलेले भेद सारखे वाटले जातात. त्यानंतर दोन्ही गटांत फरक पडला, तर तो औषधाचाच मानायला भक्कम आधार मिळतो. दानीएलाच्या ग्रंथात दहा दिवस केवळ शाकाहार घेतलेल्या चार तरुणांची राजाचे अन्न खाणाऱ्यांशी तुलना केली आहे. वैद्यकीय प्रयोगांच्या इतिहासात ह्या प्रसंगाचा आदराने उल्लेख होतो. परंतु तेथे चिठ्ठी नव्हती. दानीएलाने आपला गट स्वतः निवडला होता. फरक भाजीमुळे पडला की त्या तरुणांच्या निष्ठेमुळे, हे त्या कारभाऱ्याला सांगता आले नसते. आणि ग्रंथकाराचा हेतूही ते सांगण्याचा नव्हता.

चिठ्ठीच्या ह्या रीतीला वैद्यकात मान मिळवून दिला तो ऑस्टिन ब्रॅडफोर्ड हिल ह्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे नवे औषध ब्रिटनमध्ये महायुद्धानंतर अगदी थोडे उपलब्ध होते. १०७ रुग्णांची यादृच्छिक विभागणी झाली. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, त्या काळची नेहमीची विश्रांतीची शुश्रूषा मिळालेल्या ५२ जणांपैकी १४. हा निकाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. औषध सर्वांना पुरणारच नव्हते. मग वशिल्यापेक्षा चिठ्ठी न्याय्य, हे हिल ह्यांचे समर्थन होते आणि ते पटण्याजोगे आहे. ह्या समर्थनातील ‘पुरणारच नव्हते’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम आहे.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. लातूर जिल्हा १९८२ साली ज्याच्यातून वेगळा झाला, तो उस्मानाबाद जिल्हा म्हणजे आजचा धाराशिव. त्याच्या सीमेला लागून सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आहे. तेथील कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर ह्यांनी १९८७ पासून त्या भागातील खेड्यांत कर्करोगाची नोंदवही ठेवली. ग्रामीण भारतातील ती पहिली. त्या नोंदींत स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर होता. हा आजार एकाएकी होत नाही. विषाणूच्या संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात, आणि ह्या काळात तो ओळखला तर साध्या उपचाराने थांबविता येतो. मग तपासणी कोणती करावी? पाश्चात्त्य देशांत अनेक दशके रूढ असलेली पॅप तपासणी? सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून नर्सने डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त तपासणी? की खुद्द विषाणूच शोधणारी नवी, महागडी एचपीव्ही तपासणी?

हे ठरविण्यासाठी १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रचंड प्रयोग सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन आणि बार्शी व टाटा मेमोरियल येथील सहकारी तो चालवीत होते; निधी गेट्स फाउंडेशनचा होता. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून यादृच्छिक रीतीने त्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांसाठी एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यातील ३२,०५८ साठी पॅप तपासणी, तिसऱ्यातील ३४,०७४ साठी डोळ्यांनी पाहण्याची तपासणी. चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी कोणतीही तपासणी योजलेली नव्हती. ज्या गावांची जशी चिठ्ठी निघाली, तशी तेथील बायकांची वाट ठरली.

तपासणी आयुष्यात एकदाच झाली. त्यानंतर सर्व गटांची सुमारे आठ वर्षे नोंद ठेवली गेली. बोलावलेल्यांपैकी साधारण पाचांत चार जणी आल्या. ज्या आल्या नाहीत त्यांनाही त्यांच्याच गटात मोजले. कारण त्यांना वगळले असते तर शिबिराची जुनी फसगत मागल्या दाराने आत शिरली असती. निकाल २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ ह्या नियतकालिकात आला. एचपीव्ही गटात ह्या कर्करोगाने ३४ स्त्रिया मरण पावल्या होत्या, पॅप गटात ५४, डोळ्यांनी तपासलेल्या गटात ५६ आणि चौथ्या गटात ६४. गटांचे लहान-मोठेपण हिशोबात घेता, एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. अन्य दोन तपासण्यांनी पडलेला फरक इतका लहान होता की, तो निव्वळ योगायोग नव्हे असे खात्रीने म्हणता आले नाही.

एक आकडा वरवर कोड्यात टाकणारा आहे. आढळलेले कर्करोग एचपीव्ही गटात १२७ आणि चौथ्या गटात ११८, म्हणजे तपासणी केलेल्यांतच अधिक! पण १२७ पैकी केवळ ३९ पुढच्या अवस्थेत गेलेले होते. ११८ पैकी तब्बल ८२. तपासणीने कर्करोग वाढविला नव्हता. तो लवकर उजेडात आणला होता. आकडा कसा वाचावा, हीही एक साधनाच आहे.

येथवर शास्त्र झाले. आता ह्या आकड्यांसमोर विवेकबुद्धीला उभे करू या. चौथ्या गटालाही एचपीव्ही तपासणी मिळाली असती, तर त्रैराशिकाने ६४ च्या जागी सुमारे ३१ मृत्यू झाले असते. म्हणजे सुमारे तेहतीस स्त्रिया वाचल्या असत्या. परंतु त्या कोणत्या, हे कोणी सांगू शकत नाही. त्या ६४ जणींपैकी कोणाच्याही घरी जाऊन ‘तुमची आई वाचली असती’ असे म्हणता येत नाही. आणि पहिल्या गटात वाचलेल्या स्त्रीला आपण वाचलो हे माहीत नसते. तिला वाटते, आपल्याला काही झालेच नव्हते. संख्याशास्त्र समूहाविषयी सत्य सांगते, व्यक्तीविषयी मौन पाळते. ह्या मौनाचा एक धोका आहे: ज्याचे नाव सांगता येत नाही, त्याच्याविषयीची जबाबदारी कोणालाच वाटत नाही.

ती जबाबदारी काही जणांनी बोलून दाखविली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि तामिळनाडूतील दिंडीगुल जिल्ह्यात ह्याच आजारावर असेच प्रयोग झाले होते. तिन्ही ठिकाणच्या तपासणी न झालेल्या गटांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया होत्या. एरिक सुबा ह्या अमेरिकन डॉक्टराने २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये असा आक्षेप घेतला की, पॅप तपासणीने हे मृत्यू टळतात हे जगाला पूर्वीच ठाऊक होते, असे असताना ह्या स्त्रियांना तपासणीवाचून ठेवून निदान २५४ मृत्यू मोजत बसणे अनैतिक होते. जे अमेरिकेत करता आले नसते, ते गरीब भारतीय स्त्रियांवर का केले?

संशोधकांची बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. ते म्हणाले की, भारतातील खेड्यांत अशी कोणतीही तपासणी-योजना तेव्हा अस्तित्वातच नव्हती. चौथ्या गटाकडून आम्ही काही हिरावून घेतले नाही. पॅप तपासणीला लागणाऱ्या प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसे आपल्याकडे कोठे होती? जे न्यूयॉर्कमध्ये चालते ते भूम-परांड्यात चालेल, हे गृहीत धरण्याजोगे नव्हते. आणि निकालाने ही शंका अगदीच निराधार ठरविली नाही: एवढी काळजी घेऊन केलेली पॅप तपासणीदेखील, एकदाच केल्याने, उस्मानाबादेत ठळक फरक पाडू शकली नाही. प्रयोग न करता सरकारने तीच सर्वत्र लागू केली असती, तर कोट्यवधी रुपये खर्चून खोटा दिलासा मात्र मिळाला असता.

दोन्ही बाजू ऐकल्यावर माझे मत मी स्पष्ट मांडतो. पहिल्या तीन गटांची तुलना मला केवळ क्षम्य नव्हे, तर आवश्यक वाटते. तिन्हींपैकी कोणती तपासणी आपल्या खेड्यांत अधिक जीव वाचवील, हे खरोखरच कोणाला माहीत नव्हते; आणि प्रामाणिक अज्ञान हीच चिठ्ठी टाकण्याची पहिली नैतिक अट आहे. जेथे कळलेले नाही, तेथे कळल्याचा आव आणून सर्वांवर एकच उपाय लादणे हाही एक प्रयोगच असतो. फक्त त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. गाठ सुटत नाही ती चौथ्या गटाशी. ‘काहीच न करण्यापेक्षा काही करणे बरे’ हे सिद्ध करण्यासाठी एका गटाबाबत काहीच न करणे भाग होते काय?

हिल ह्यांच्या समर्थनातील शब्द येथे उपयोगी पडतात. स्ट्रेप्टोमायसिन पुरणारच नव्हते. उस्मानाबादेत तपासणी पुरणारच नव्हती असे म्हणता येत नाही. ती पुरविलेली नव्हती. पहिला तुटवडा महायुद्धानंतरच्या कारखान्यांचा होता; दुसरा शासनाच्या आणि समाजाच्या इच्छेचा. माणसांनी निर्माण केलेली उणीव निसर्गाची मर्यादा म्हणून मांडली की अन्यायाला शास्त्राचा पोशाख मिळतो. ‘काहीच न करणे’ ही तटस्थ, पापपुण्याच्या पलीकडची अवस्था आहे असे मानण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, तीसुद्धा एक कृती आहे आणि तिलाही मृत्यूचा दर आहे, हे पटवून द्यायला ६४ स्त्रियांचा हिशोब लागला.

आणि येथेच ही गोष्ट उस्मानाबादची सीमा ओलांडून आपल्या दारात येते. लातूर आणि नांदेडच्या स्त्रिया त्या प्रयोगात नव्हत्या. परंतु त्यांची अवस्था कोणती होती? चौथ्या गटाचीच! त्यांच्यासाठीही कोणतीही तपासणी योजलेली नव्हती. त्याही मरत होत्या. फरक इतकाच की, चौथ्या गटातील स्त्रियांची कोणीतरी मोजदाद करीत होते. ह्यांची कोणीच करीत नव्हते. संशोधकांवर उगारलेले बोट म्हणूनच फिरून आपल्याकडे येते. ज्यांनी मोजले ते अपराधी, तर ज्यांनी मोजलेही नाही ते कोण?

तथापि ह्या युक्तिवादाने संशोधक पूर्णतः मोकळे होतात असे मला वाटत नाही. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात जखमी मनुष्याला न पाहिलेल्या हजारो लोकांना प्रभूने दोष दिलेला नाही. प्रश्न आहे तो पाहून पुढे गेलेल्यांचा. ज्याने गावात जाऊन एखाद्या बाईचे नाव, वय आणि मुलांची संख्या वहीत लिहिली, तो तिचा शेजारी झाला. पुष्कळांच्या कल्याणासाठी थोड्यांचे जाणे परवडते, हा हिशोब शुभवर्तमानात कयफाच्या तोंडी आहे. त्यातून प्रभूने तारण घडविले म्हणून कयफाचा हिशोब पवित्र होत नाही. त्याचप्रमाणे चौथ्या गटातून मौल्यवान ज्ञान मिळाले म्हणून तो गट आपोआप न्याय्य ठरत नाही; आणि तो न्याय्य होता की नव्हता ह्या वादापायी ते ज्ञान टाकून देणे हा तर त्या स्त्रियांचा दुसरा अपमान ठरेल.

मग संशोधकाने त्या बाईला काय देणे लागते? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, तिला समजेल अशा भाषेत पूर्ण सत्य: ‘बाई, ह्या आजाराची तपासणी असते, शेजारच्या गावात आम्ही ती करणार आहोत, तुमच्या गावात नाही, तुम्हाला हवी असेल तर ती अमुक ठिकाणी मिळते.’ छापील कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. समजून दिलेला होकार म्हणजे संमती, आणि नकार देण्याची मोकळीक असेल तरच होकाराला अर्थ. दुसरी, आजार आढळल्यास विनामूल्य उपचार. ह्यासाठी प्रयोगाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. तिसरी, फरक सिद्ध होताच सर्वांत आधी तिला बोलावणे. चिठ्ठीने ज्याला मागे ठेवले, त्याचा हक्क निकालानंतर पहिला असतो. ज्ञानाच्या सुगीत पेरणाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवावा.

पण देणे केवळ संशोधकांचे नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी गडचिरोलीत ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत राबविली आणि ४७ गावांशी तुलना केली. तेथे चिठ्ठी नव्हती, तुलना मात्र काटेकोर होती. १९९९ साली निकाल प्रसिद्ध झाला: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या ४७ गावांतील बालकांचे ऋण काही अंशी तरी फिटले. कारण २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. उस्मानाबादच्या स्त्रियांचे काय? त्यांच्या प्रयोगासारख्या पुराव्यांच्या बळावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही तपासणीला प्राधान्य देण्याची शिफारस जगाला केली. आणि त्याच सुमारास, २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ज्यांची ह्या कर्करोगासाठी कधीतरी, कोणतीही तपासणी झाली होती त्यांचे प्रमाण होते १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत! निकाल छापून येऊन दहा वर्षे उलटली होती. अज्ञान होते तोवर चौथा गट निदान एका प्रश्नाचा भाग होता. उत्तर मिळाल्यावर देशातील अठ्ठ्याण्णव टक्के स्त्रियांना त्याच गटात ठेवण्याला कोणते समर्थन आहे? ह्याला प्रयोग म्हणता येत नाही, निष्काळजीपणाच म्हणावे लागते.

वाचकहो, तात्त्विक चर्चेचा शेवट आपल्या उंबऱ्यापाशी व्हावा. आपल्या घरातील तीस वर्षांवरील स्त्रीची ही तपासणी झाली आहे काय? लाज, भीती, घरकामाची गर्दी, ‘मला काही होत नाही’ ही समजूत, ह्या सर्वांना उत्तर देण्याचे काम नवऱ्याचे आणि मुलांचेही आहे. ते एकट्या तिच्यावर सोडू नये. पुण्यात तयार झालेली एचपीव्हीवरची भारतीय लसही २०२३ पासून उपलब्ध आहे; तिच्याविषयी आपल्या मुलींच्या डॉक्टरांना जरूर विचारावे. धर्मग्रामातील महिला मंडळाने वर्षातून एकदा जिल्हा रुग्णालयातील डॉक्टर बोलावून ह्याच विषयावर बोलते करावे. आणि कधी कोणी आपल्याला वैद्यकीय प्रयोगात सहभागी व्हा म्हणाले, तर घाबरून पळू नये आणि विश्वासाने डोळेही मिटू नयेत. मला कोणत्या गटात टाकले जाईल, त्या गटाला काय मिळणार नाही, ते अन्यत्र मिळते काय, आणि निकाल लागल्यावर मला कोण कळविणार, हे चार प्रश्न शांतपणे विचारावेत. चांगल्या संशोधकाला ह्या प्रश्नांचा राग येत नाही.

त्या ६४ स्त्रियांची नावे शोधनिबंधात नाहीत, आणि नसणेच योग्य. त्या ज्या आजाराने गेल्या, तो आता आपल्याला लवकर ओळखता येतो. आणि तो कोणत्या तपासणीने ओळखावा, हे ठरविण्यात त्यांच्या मृत्यूचा वाटा आहे. पितरांच्या दिवशी आपण दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांसाठी प्रार्थना करतो. ह्या वर्षी तेथे त्यांच्यासाठीही एक मेणबत्ती लावावी, आणि परत येताना घरातील कोणाची तपासणी राहिली आहे, हे विचारावे.